ताप उतरल्यावर

बुधवारी सकाळी माझ्या भाच्याचा ताप उतरला. शुक्रवारी रात्री चढलेला ताप साडेचार दिवस एकशे दोनच्या खाली यायला तयार नव्हता. गोळी दिली की तासभर घाम फुटायचा, आणि पुन्हा अंग भट्टीसारखं तापायचं. त्या सकाळी काखेतून थर्मामीटर काढला तर अठ्ठ्याण्णव. बहिणीने पर्समधल्या गणपतीच्या फोटोला हात लावून तो डोळ्यांना लावला. मी दोन्हीकडच्या आजींना फोन केले. दसरा नुकताच झाला होता, आणि पोरगं तापातसुद्धा दिवाळीच्या किल्ल्यासाठी माती कुठून आणायची याची चौकशी करत होतं. दुपारपर्यंत घरी सोडतो, असं रुग्णालयातून सांगितलं होतं. बहिणीने पिशवी भरायला घेतली.

सकाळच्या ड्युटीच्या सिस्टर शेवटचा बीपी घ्यायला आल्या. आम्ही सगळे त्याच्या कपाळाला हात लावून खूश होत होतो. त्यांनी मात्र आधी पांघरूण बाजूला करून त्याची पावलं हातात धरली. मग हाताच्या बोटाचं नख दाबून सोडलं आणि गुलाबी रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. मोठ्यांचा पट्टा बाजूला ठेवून मुलांचा लहान पट्टा मागवला आणि बीपी दोनदा मोजला. ९६/७८. आम्हाला तो आकडा चांगलाच वाटला, वरचा शंभरच्या आसपास होता. सिस्टरनी वजाबाकी केली. अठरा.

“ताई, पिशवी भरू नका,” त्या बहिणीला म्हणाल्या. “याने सकाळपासून शू केली का?”

केली नव्हती. आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

पुढच्या पंधरा मिनिटांत डॉक्टर आले, रक्त गेलं, सलाईन जोरात सुरू झालं. रक्ताचा घट्टपणा सांगणारा हिमॅटोक्रिट नावाचा आकडा दोन दिवसांपूर्वी ३८ होता, तो ४७ झाला होता. ताप उतरलेलं, शुद्धीवर असलेलं, किल्ल्याच्या गप्पा मारणारं ते पोर डेंग्यूच्या शॉकमध्ये चाललं होतं. हे ओळखलं ते एका बाईच्या हाताने, आणि तो हात कपाळावर नव्हता, पावलावर होता.

हा लेख त्या हातावर आहे. आपल्या शरीराच्या ज्या बळाला आपण प्रतिकारशक्ती म्हणतो, त्याच्याशी या हाताचं काय नातं आहे, हे मला समजून घ्यायचं होतं. गेलं वर्षभर मी त्यासाठी वाचत होते, वॉर्डात बसत होते, रात्रपाळी संपवून निघालेल्या सिस्टरना चहाच्या टपरीवर गाठून विचारत होते.

डेंग्यूचा ताप अंगावर काढलेल्या माणसाला ‘हाडमोड्या ताप’ हे नाव समजावून सांगावं लागत नाही. डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर आणि सांधे मोडून आल्यासारखे, तोंडाला चव नाही. हे सगळं विषाणू करतो अशी माझी समजूत होती. खरं तर यातलं बरंचसं आपणच करत असतो. एडिस डास दिवसा चावतो आणि विषाणू कातडीत सोडतो. तिथल्या पहाऱ्याच्या पेशी त्याला पकडायला जातात आणि त्यांनाच लागण होते. मग शरीरभर इंटरफेरॉन आणि तशाच इतर रसायनांच्या दवंड्या पिटल्या जातात. ताप, अंगदुखी, गळून जाणं हा त्या दवंडीचा परिणाम. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत प्रतिपिंडं तयार होऊ लागतात, रक्तातला विषाणू झपाट्याने कमी होतो आणि ताप उतरतो. म्हणजे ताप उतरला तेव्हा माझ्या भाच्याच्या शरीराने लढाई जवळपास जिंकली होती.

आणि नेमक्या याच वेळी काहींच्या रक्तवाहिन्या गळू लागतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला एक अतिशय नाजूक अस्तर असतं. लढाईत उसळलेल्या रसायनांनी आणि विषाणूच्या एनएस-१ नावाच्या प्रथिनाने ते सैल पडतं. तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निदानासाठी जे प्रथिन तपासतात, तेच हे. त्या अस्तरातून रक्तातलं पाणी झिरपून पोटात आणि फुप्फुसांभोवती साठतं. शरीरातून काहीच बाहेर पडत नाही, कुठे रक्त दिसत नाही, वजनही घटत नाही. पण नळीतलं रक्त घट्ट होत जातं आणि हृदयाला ढकलायला पुरेसं पाणीच उरत नाही. शरीर हुशार असतं. ते हातापायांचा पुरवठा आवळतं आणि मेंदू, हृदय राखतं. म्हणून पावलं गार. रक्तवाहिन्या आवळल्या की खालचा बीपी वर चढतो, वरचा बराच वेळ टिकून राहतो, आणि दोघांतलं अंतर कमी कमी होत जातं. ते वीस किंवा त्याहून कमी झालं की शॉक धरायचा. वरचा आकडा कोसळायची वाट पाहणाऱ्याला फार उशीर झालेला असतो. त्या दिवशी सिस्टरनी केलेल्या वजाबाकीचा अर्थ हा होता.

ही गळती चोवीस ते अठ्ठेचाळीस तास चालते आणि मग आपोआप थांबते. अस्तर पुन्हा घट्ट होतं, सांडलेलं पाणी रक्तात परत येतं. डेंग्यूचा विषाणू मारणारं औषध आजही बाजारात नाही, आणि या दोन दिवसांत त्याची गरजही नसते, कारण तो तर शरीरानेच मारत आणलेला असतो. गरज असते ती हे दोन दिवस निभावून नेण्याची. पाणी किती गळतंय ते ओळखून तेवढंच भरत राहायचं. कमी पडलं तर शॉक. जास्त झालं तर तेच पाणी फुप्फुसांत साठून माणूस गुदमरतो.

हे करून काय साधतं, याचा पुरावा बँकॉकमध्ये आहे. १९५८ साली त्या शहरात रक्तस्रावी डेंग्यूची पहिली मोठी साथ आली तेव्हा रुग्णालयात आलेल्या दर दहा मुलांमागे एकाहून अधिक मूल दगावत होतं. तिथल्या बालरुग्णालयातल्या डॉ. सुचित्रा निम्मानित्या यांनी वर्षानुवर्षं शेकडो मुलांच्या खाटांशी बसून हा आजार कोणत्या दिवशी कोणतं वळण घेतो ते नोंदवलं. गळती कधी सुरू होते, कधी थांबते, कोणत्या तासाला किती पाणी द्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराबद्दल पुढे जगाला जे नियम दिले त्यांचा पाया त्या नोंदींचा आहे. थायलंडमध्ये मृत्यूचं प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आलं. मधल्या काळात नवं औषध आलं नव्हतं, लस आली नव्हती. बदललं होतं ते एवढंच की खाटेशी कुणीतरी तासातासाला मोजत होतं. वैद्यकाच्या इतिहासात शुश्रूषेचा इतका निखळ विजय मला दुसरा ठाऊक नाही.

माझ्या भाच्याचं वजन चोवीस किलो. किलोला दहा मिली प्रमाणे पहिल्या तासाला दोनशे चाळीस मिली. वीस थेंबांना एक मिली होणारा सेट होता, म्हणजे मिनिटाला ऐंशी थेंब. सिस्टर मनगटावरचं घड्याळ नळीच्या डब्याशी धरून थेंब मोजत होत्या, चाकी हलकेच फिरवत होत्या, पुन्हा मोजत होत्या. पोराने हात वाकवला की धार मंदावते, म्हणून कोपराखाली पुठ्ठा बांधला. तासाभराने पावलं कोमट झाली आणि बीपीतलं अंतर अठ्ठावीसवर आलं, तसं त्यांनी डॉक्टरांना विचारून थेंब कमी केले. दोन तासांनी अजून कमी. लघवीसाठी मापाचं भांडं दिलं आणि बहिणीला बजावलं, “ओतून देऊ नका, मला दाखवल्याशिवाय.” दुपारी साडेतीनला त्याने शू केली. ते भांडं उजेडाशी धरून सिस्टर हसल्या. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं हसू.

बाहेर, वॉर्डाच्या दाराशी, आमचे नातेवाईक वेगळ्याच आकड्यामागे होते. “पेशी किती?” डेंग्यूच्या वॉर्डाबाहेर दुसरा प्रश्न ऐकू येत नाही. पुष्कळ जण ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतात, त्यांना म्हणायच्या असतात प्लेटलेट्स. पांढऱ्या पेशी वेगळ्या, त्याही या तापात कमी होतात, पण रक्तपेढ्यांबाहेर रात्री बारा वाजता जी धावाधाव चालते ती प्लेटलेट्ससाठी. भाच्याच्या बासष्ट हजार होत्या. एक काका पपईच्या पानांचा रस घेऊन आले, दुसऱ्यांनी शेळीचं दूध मिळवलं, तिसऱ्यांनी किवीची पेटी. प्रेमापोटीच सगळं. पण पपईचा तो कडू रस पोटात गेला आणि मुलाला उलट्या झाल्या, तर त्या वेळी त्याला सगळ्यात जास्त गरज असलेलं पाणीच बाहेर पडेल, आणि उलट्या आजारामुळे होताहेत की रसामुळे हेही सिस्टरला कळेनासं होईल.

प्लेटलेट्स कमी होणं ही या आजारातली खूण आहे. आजार कुठवर आलाय ते ती सांगते. डेंग्यूने माणूस दगावतो तो बहुतेक वेळा पाणी गळून. मोठा रक्तस्राव होतो तोही बरेचदा शॉक लांबल्यानंतर. रक्तस्राव नसेल तर नुसता आकडा घसरला म्हणून प्लेटलेट्सच्या पिशव्या चढवून काही साधत नाही. गळती थांबली की त्या आपसूक वाढतात. वॉर्डातल्या सगळ्यांना हे ठाऊक असतं, तरी नातेवाइकांच्या दबावापुढे पिशव्या मागवल्या जातात, हे मी पाहिलं आहे. प्लेटलेटचा आकडा कागदावर छापून मिळतो, फोनवरून सांगता येतो. पावलं गार पडली हे छापून मिळत नाही. त्यासाठी कुणीतरी तिथे असावं लागतं.

आता प्रतिकारशक्तीविषयी. करोनानंतर हा शब्द किराणा दुकानापर्यंत पोहोचला आहे. काढे, गोळ्या, च्यवनप्राश, बिस्किटंसुद्धा प्रतिकारशक्ती ‘वाढवतात’. जणू ती पाण्याची टाकी आहे आणि जितकी भरलेली तितकं बरं. डेंग्यूने ही कल्पना मुळापासून खोटी ठरवली आहे, आणि ती कशी ठरवली ते क्युबाच्या गोष्टीतून स्पष्ट कळतं.

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एक होऊन गेला की त्या प्रकाराविरुद्ध बहुधा जन्मभराचं संरक्षण मिळतं, उरलेल्या तिघांविरुद्ध मात्र थोडेच महिने. स्कॉट हॅल्स्टेड हे अमेरिकन डॉक्टर १९६०च्या दशकात बँकॉकमध्ये काम करत होते. गंभीर आजारी पडणारी मुलं दुसऱ्यांदा डेंग्यू झालेली आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. जगाला ते पटायला वेळ लागला. क्युबात तेव्हा अनेक दशकं डेंग्यू जवळजवळ नव्हता. १९७७ साली पहिल्या प्रकाराची साथ आली, सौम्य होती. १९८१ साली दुसऱ्या प्रकाराची आली. ३,४४,२०३ रुग्ण, १५८ मृत्यू, त्यातली १०१ मुलं. गंभीर आजाराने कोण सुटलं? एक-दोन वर्षांची, १९७७ची साथ संपल्यावर जन्मलेली मुलं. त्यांच्या शरीराला डेंग्यूची ओळखच नव्हती, म्हणून ती वाचली. पुढे १९९७ साली सँटियागो शहरात दुसरा प्रकार पुन्हा आला, तेव्हा मुलं सुटली आणि मोठी माणसं गंभीर झाली. वीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या साथीची आठवण त्यांच्या रक्तात होती.

ही आठवण घातक का ठरते? जुनी प्रतिपिंडं नव्या प्रकाराच्या विषाणूला चिकटतात, पण त्याला निकामी करण्याइतकी घट्ट बसत नाहीत. शिपायाने चोराला दोरी बांधून चौकीत आणावं, गाठ मात्र ढिली असावी, आणि चौकीतच शस्त्रांचं कोठार असावं, तसं होतं. विषाणू खाऊन टाकणाऱ्या पेशी प्रतिपिंडाची शेपटी ओळखतात आणि तिला धरून विषाणूसकट आत घेतात. एरवी तिथे त्याचा शेवट व्हायचा. डेंग्यूचा विषाणू त्याच पेशींत वाढतो. म्हणजे आपणच त्याला हव्या त्या घराचं दार उघडून देतो.

यातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट तान्ह्या बाळांची आहे. आईला पूर्वी डेंग्यू होऊन गेलेला असेल तर तिची प्रतिपिंडं गर्भातच बाळाकडे येतात. पहिले काही महिने ती बाळाला राखतात. मग हळूहळू कमी होतात, आणि सहा-आठ महिन्यांच्या सुमारास अशा पातळीवर येतात की राखायला अपुरी आणि दार उघडायला पुरेशी. म्हणून काही बाळांना आयुष्यातला पहिलाच डेंग्यू दुसऱ्यासारखा गंभीर होतो. आईने दिलेली तीच ठेव एका महिन्यात ढाल असते आणि दुसऱ्या महिन्यात घात करते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून होते.

डेंग्यूची लस इतकी रखडली ती याच कारणाने. लस म्हणजे शरीराला करून दिलेली ओळख, आणि इथे अर्धवट ओळख धोक्याची. २०१६ साली फिलिपिन्समध्ये डेंगव्हॅक्सिया ही लस आठ लाखांहून अधिक शाळकरी मुलांना दिली गेली. २०१७च्या नोव्हेंबरात कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी कधीच डेंग्यू झाला नव्हता, त्यांच्यात ही लस पहिल्या लागणीसारखी वागते आणि पुढचा आजार गंभीर होण्याचा धोका वाढवते. मोहीम थांबली. लोकांचा विश्वास असा उडाला की गोवराचं लसीकरणही घसरलं आणि २०१९ साली तिथे गोवराची मोठी साथ आली. आपल्याकडे १४ ऑगस्ट २०२४ रोजी रोहतकला भारतीय डेंग्यू लसीच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीतल्या पहिल्या स्वयंसेवकाला लस टोचली गेली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि पॅनेशिया बायोटेक यांच्या या चाचणीत दहा हजारांवर प्रौढ माणसं सहभागी होणार होती. त्यांच्यावर दोन वर्षं लक्ष ठेवायचं होतं, आणि इथे घाई करून चालणार नाही.

संसर्गाशी माणसाची झुंज दोन हातांनी चालते, आणि महाराष्ट्राने ते दोन्ही हात एकाच वर्षी, दोन महिन्यांच्या अंतराने पाहिले आहेत. मुंबईत १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. शरीराला आधीच शिकवून ठेवायचं, हा त्यांचा हात. दुसरा हात शुश्रूषेचा. पुण्याबाहेर हडपसरजवळ सासाणे मळ्यात डॉ. यशवंतराव फुले यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. तिथे सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करत होत्या, आणि मुंढव्याहून एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ला त्या गेल्या. शाळेच्या पुस्तकांत आपण त्यांना पहिल्या शिक्षिका म्हणून ओळखतो आणि तो मान त्यांचाच आहे. पण त्या सेवा करताना गेल्या, साथीच्या रोग्याजवळ जायला गाव घाबरत असताना गेल्या, हेही परिचारिका प्रशिक्षणाच्या प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी सांगितलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

डेंग्यूच्या रोग्याला स्पर्श करून लागण होत नाही. तरी इथेही सेवा करणाऱ्यांना इतरांना वाचवण्याचं एक काम असतंच, आणि ते फारच साधं असल्याने हमखास विसरलं जातं. ताप असलेल्या माणसाला दिवसा मच्छरदाणीत ठेवायचं. त्याच्या रक्तात विषाणू खच्चून भरलेला असतो. त्याला चावलेला डास आठ-बारा दिवसांनी वॉर्डातल्या किंवा घरातल्या दुसऱ्याला तो देतो. प्लेगच्या काळी रोगी गावाबाहेर नेत, डेंग्यूत जाळीचं एक कापड पुरतं. मी गेलेल्या वॉर्डांपैकी एकाच ठिकाणी दिवसा मच्छरदाण्या सोडलेल्या दिसल्या. तिथल्या वयस्कर सिस्टर स्वतः फेरी मारून त्यांच्या कडा गादीखाली खोचत होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या गुंडाळून वर टाकलेल्या होत्या, ‘राउंडला अडचण होते’ म्हणून.

रात्रपाळीच्या सिस्टरनी मला सांगितलेल्या खुणांपैकी एक मी कधी विसरणार नाही. शहाणं, शांत मूल रात्री अचानक चिडचिड करू लागतं, आईला ढकलतं, कॉटवरून उतरू पाहतं. घरचे म्हणतात, कंटाळलाय, हट्ट करतोय. सिस्टर आधी बीपी घेतात. मेंदूला रक्त कमी पडू लागलं की माणूस असा बेचैन होतो. उलट एखादं मूल फारच गप्प झालं, सारखं झोपू लागलं, तरी त्यांचे कान टवकारतात. पोटात सतत दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, डांबरासारखी काळी शी, हेही त्याच यादीतलं. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने डेंग्यूची वर्गवारी बदलून या धोक्याच्या खुणांना मध्यभागी आणलं, ते बरं केलं. या खुणा ओळखायला यंत्र लागत नाही. काल हे मूल कसं होतं हे आठवणारं माणूस लागतं.

आणि दुसरं, जे शिकायला मला सगळ्यात जड गेलं. सलाईन काढण्याची वेळ. आपल्याकडे सलाईनवर श्रद्धा आहे. ‘दोन बाटल्या चढवा म्हणजे ताकद येईल’ असं आपण डॉक्टरला सांगतो. शुक्रवारी सकाळी भाच्याला भूक लागली, लघवी भरपूर होऊ लागली, नाडी संथ झाली आणि पायांवर लाल पुरळ उठून मध्येमध्ये पांढरे ठिपके राहिले. खाज एवढी की तो रडत होता. सिस्टरनी सलाईन बंद केलं. आमच्या घरातले मोठे चिडले, ‘एवढा अशक्त झालाय आणि तुम्ही बाटली काढता?’ त्यांनी आवाज न चढवता सांगितलं की गळालेलं पाणी आता आपलं आपण परत येतंय, वरून अजून दिलं तर छातीत भरेल. ते त्यांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. बुधवारी त्यांनी बाटली जोरात सोडून त्याला वाचवलं होतं आणि शुक्रवारी ती काढून. दुसऱ्या वेळी कुणी आभार मानले नाहीत, मीसुद्धा नाही.

आता एक हिशेब मांडते. गळतीच्या दोन दिवसांत रोग्याची नाडी, बीपी, हातापायांची ऊब, लघवी दर तासाला पाहायची असते आणि शॉक असेल तर त्याहून वारंवार. एका रोग्याला पाच मिनिटं धरा. सप्टेंबर-ऑक्टोबरात मी ज्या एका सार्वजनिक रुग्णालयात बसले होते तिथे रात्री एका वॉर्डात दोन सिस्टर आणि चाळीसच्या वर रोगी होते, काही जमिनीवर गाद्या टाकून. त्यातले वीसच धोक्याच्या दिवसांत आहेत असं मानलं तरी तासाला शंभर मिनिटांचं काम. औषधं, इंजेक्शनं, नवे भरती, केसपेपर, नातेवाइकांचे प्रश्न हे सगळं वेगळं. दोघींच्या मिळून तासाला मिनिटं असतात एकशे वीस. मग काय होतं? फेरी दोन तासांची होते, मग चार तासांची. चार तासांत गळती शॉकपर्यंत पोहोचते. त्या सिस्टरना सगळं येत असतं, हात मात्र दोनच असतात.

वेळेवर पाणी मिळालं तर गंभीर डेंग्यूत शंभरात एकही रोगी दगावत नाही, न मिळालं तर वीसपर्यंत दगावू शकतात. हा फरक औषधाच्या दुकानात मिळत नाही. तो वॉर्डातल्या भरलेल्या किंवा रिकाम्या पदांवर ठरतो. साथ आली की धूर फवारणीच्या गाड्या फिरतात, त्यांचे फोटो छापून येतात. परिचारिकांच्या रिकाम्या जागांचा फोटो निघत नाही. महापालिकेच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला आपण रस्ता आणि पाणी विचारतो. तुमच्या भागातल्या रुग्णालयात रात्री एका सिस्टरवर किती कॉट असतात, हेही यापुढे विचारा.

भाचा शनिवारी घरी आला. किल्ला झाला, थोडा बुटका, कारण माती त्याच्या मामाने आणली आणि कमी आणली. मावळे त्यानेच मांडले.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पाऊस थांबलेला असेल आणि कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर यांत अजून पाणी असेल. ते आजच ओता आणि भांडी घासून ठेवा. डासाची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्‌महिने टिकतात. घरात कुणाला ताप आला तर पॅरासिटामॉल द्या, ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन देऊ नका. ओआरएस, पेज, ताक, शहाळं घोटघोट पाजत राहा आणि दिवसा मच्छरदाणी लावा. तापाचा दिवस मोजून लिहून ठेवा. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरला की निर्धास्त होऊ नका, त्यानंतरचे अठ्ठेचाळीस तास जागे राहा. दर काही तासांनी लघवी झाली का ते विचारा. आणि कपाळाला हात लावून झाला, की पांघरूण बाजूला करून पावलांनाही लावा. ती गार लागली तर सकाळची वाट पाहू नका.